मेरीची फी कोणी भरली?

डकोटा टेरिटरीतलं डी स्मेट नावाचं नवंकोरं गाव. ४ जुलै १८८१. नुकताच एक जीवघेणा हिवाळा सरलाय, लोकांच्या खिशात फारसं काही उरलेलं नाही. तरी लिंबू सरबत आहे, घोड्यांच्या शर्यती आहेत, आणि एक माणूस गर्दीपुढे उभा राहून अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मोठ्यानं वाचतोय. चौदा वर्षांच्या लॉराला आणि तिच्या धाकट्या बहिणीला, कॅरीला, तो तोंडपाठ आहे. पण त्या दिवशी तो ऐकताना लॉराच्या डोक्यात काहीतरी लख्ख होतं. अमेरिकन माणूस पृथ्वीवरच्या कुठल्याच राजाचं ऐकत नाही, म्हणजे त्याला स्वतःच्या सदसद्विवेकाचं ऐकावं लागतं. उद्या ती मोठी होईल, हुकूम सोडायला आईबाबा नसतील, आणि चांगलं वागायला तिला स्वतःलाच भाग पाडावं लागेल. स्वतंत्र असणं म्हणजे हे.

लॉरा इंगल्स वाइल्डरच्या ‘लिटल टाउन ऑन द प्रेअरी’ या पुस्तकातला हा प्रसंग. तो मला आजही आवडतो. मात्र त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. चौदा वर्षांची मुलगी असा विचार करणार नाही, हा माझा आक्षेप नाही. चौदाव्या वर्षी माणूस वाटेल तेवढा मोठा विचार करू शकतो. मला खटकतं ते हे, की या पुस्तकात आपण कोणाचं काही लागत नाही हे सांगणारं एक पान आहे, आणि ते पान टिकावं म्हणून दुसरी एक गोष्ट गाळलेली आहे. तिच्याबद्दलच लिहायचंय.

आधी थोडी ओळख. ‘लिटल हाउस’ मालिकेतली आठ पुस्तकं १९३२ ते १९४३ या काळात आली. पहिलं छापलं गेलं तेव्हा लॉरा पासष्ट वर्षांची होती. आपल्या लहानपणाची, म्हणजे विस्कॉन्सिनचं जंगल, कॅन्ससचा माळ, मिनेसोटा आणि शेवटी डकोटा अशा भटकंतीची ही गोष्ट. पा फिडल वाजवतो, मा नीटनेटकं घर ठेवते, मुली हसतखेळत कष्ट करतात. लाकडाची फळी कशी तासायची, चीज कसं करायचं, दार खिळ्यांशिवाय कसं बसवायचं, हे इतकं बारकाईनं लिहिलंय की वाचताना आपल्यालाही घर बांधता येईल असं वाटू लागतं. अमेरिकेतल्या कित्येक पिढ्यांना आपले पूर्वज कसे होते हे इतिहासाच्या पुस्तकाआधी इथंच कळलं.

पडद्यामागे लॉराची मुलगी होती, रोझ वाइल्डर लेन. ती आईच्या कितीतरी आधी नावाजलेली पत्रकार आणि लेखिका. आईची हस्तलिखितं ती हाती घ्यायची, कापायची, जोडायची, कधी नव्यानं लिहायची. कोणाचा वाटा किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. विल्यम होल्ट्झनं १९९३ साली आख्खं पुस्तक लिहून रोझला या मालिकेची ‘भूत-लेखिका’ ठरवलं. मला ते टोकाचं वाटतं, कारण लॉराची नजर रोझला उसनी आणता आलेली नाही. रोझच्या स्वतःच्या कादंबऱ्या वाचा, फरक कळतो. पण ४ जुलैच्या प्रसंगात जो आवाज ऐकू येतो, तो मला रोझच्या १९४३ च्या ‘द डिस्कव्हरी ऑफ फ्रीडम’मध्ये पुन्हा भेटतो, आणि तिथे तो पानोपानी आहे.

आता तारखा बघा. ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ आलं १९३५ साली. त्याच वर्षी रूझवेल्टनं सोशल सिक्युरिटीच्या कायद्यावर सही केली: म्हातारपणी पेन्शन, बेकारीत भत्ता. महामंदी चालू होती. शेअर बाजार कोसळला त्यात या मायलेकींचीही पुंजी बुडाली होती. तरी दोघींना रूझवेल्टचा ‘न्यू डील’ मनापासून नावडता. रोझला तर ती हुकूमशाहीची सुरुवात वाटायची. मंदीत होरपळणाऱ्या देशाला ही पुस्तकं सांगत होती, की आमच्यावर याहून वाईट वेळ आली होती आणि आम्ही कोणापुढे हात पसरला नाही.

पसरला होता. आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नव्हतं.

मेरीचंच घ्या. लॉराची थोरली बहीण मेरी आजारपणात आंधळी होते. तिला आयोवातल्या अंधांच्या कॉलेजात पाठवायचं, हे सगळ्या घराचं स्वप्न. ‘लिटल टाउन’चा अर्धा जीव या स्वप्नात आहे. लॉरा गावात शर्ट शिवायला जाते, दिवसाला २५ सेंट मिळतात, आणि ते ती मासाठी घरी आणते. मेरीचे कपडे शिवले जातात, ट्रंक भरते, आणि शेवटी मेरी निघते तेव्हा घर एकदम रिकामं होतं. ही पानं मी ज्या ज्या वेळी वाचली, त्या त्या वेळी घशात काहीतरी अडकलंय. पण प्रत्यक्षात विंटनच्या त्या कॉलेजात मेरीच्या शिक्षणाची फी भरत होती डकोटा टेरिटरी. म्हणजे सरकार. घरच्यांना कपडे आणि प्रवासखर्च बघायचा होता. तोही त्यांना जड होता, त्यामुळे लॉराच्या कष्टांत खोटं काही नाही. फक्त पुस्तकात सरकार कुठेच नाही. ज्या पुस्तकात जाहीरनाम्याचा तो प्रसंग आहे, त्याच पुस्तकात.

एकदा हे लक्षात आलं की बाकीच्या फटीही दिसू लागतात. ‘ऑन द बँक्स ऑफ प्लम क्रीक’मध्ये टोळधाड येते, गहू फस्त होतो, आणि पा फाटक्या बुटांनी शेकडो मैल चालत मजुरी शोधायला जातो. खऱ्या चार्ल्स इंगल्सनं १८७५ साली आपण निष्कांचन आहोत असं लिहून देऊन सरकारी मदतीचं पीठही घेतलं होतं. कॅरोलाइन फ्रेझरच्या ‘प्रेअरी फायर्स’ या चरित्रात त्याचा तपशील आहे. (या पुस्तकाला २०१८ चं पुलित्झर मिळालं.) आयोवातल्या बर ओक गावची दोनेक वर्षं मालिकेत नाहीतच. त्याच सुमारास नऊ महिन्यांचा धाकटा भाऊ गेला, आणि बर ओकमधून देणी न फेडता रात्रीतून गाव सोडावं लागलं. लॉरानं हे स्वतः लिहून ठेवलं होतं. ‘पायोनियर गर्ल’ हा तिचा मूळ, मोठ्यांसाठीचा मजकूर २०१४ साली टिपांसकट छापला गेला. पुढे मिझुरीत स्थायिक झाल्यावर हीच लॉरा जवळपास दशकभर केंद्र सरकारच्या शेतकी कर्जाचं स्थानिक काम सांभाळत होती, आणि चोख सांभाळत होती.

आणि जमीन? पा गमतीनं म्हणतो, की सरकारनं माझ्याशी पैज लावलीय: १६० एकर विरुद्ध काही डॉलर, पाच वर्षं तगून दाखव. १८६२ चा होमस्टेड कायदा तो हाच. पैज म्हटलं की मर्दानी वाटतं, अनुदान म्हटलं की वाटत नाही, एवढाच फरक. कॅन्ससमध्ये तर पैजही नव्हती. इंगल्स कुटुंब ओसेज लोकांच्या राखीव जमिनीवर बेकायदा राहत होतं. पुस्तकात पा वॉशिंग्टनच्या पुढाऱ्यांवर चिडून ती जागा सोडतो. खरोखर तिथून कायमचे हलवले गेले ते ओसेज. त्या पुस्तकाच्या सुरुवातीला या प्रदेशात माणसं नव्हती, फक्त इंडियन होते, अशा अर्थाचं एक वाक्य होतं. एका वाचकानं पत्र लिहिल्यावर पुढच्या आवृत्तीत ते बदललं. सरकारकडून मिळालेली सगळ्यात मोठी मदत, दुसऱ्याची जमीन, ही मदत म्हणून कधी मोजलीच जात नाही.

कोणी म्हणेल, मुलांची गोष्ट आहे, सगळा हिशोब कशाला द्यायचा? मान्य. कादंबरीकारानं गाळावंच. पण काय गाळलं ते बघा: चर्चकडून आलेली मदत गाळलेली नाही. ख्रिसमसला चर्चमध्ये लॉराला मिळालेला फरचा केप आहे, पाद्र्यानं पाठवलेलं भेटवस्तूंचं पिंप आहे. शेजाऱ्यांची मदत आहे. गाळलं जातं ते सरकार, आणि दिसलंच तर लुडबुड करताना दिसतं. इतकी नेमकी चाळणी आपोआप लागत नाही.

त्या ४ जुलैला वाचल्या गेलेल्या जाहीरनाम्यात काय आहे? जगणं, स्वातंत्र्य, सुखाचा शोध, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या लगेच पुढे म्हटलंय, की हे हक्क सुरक्षित राहावेत म्हणून माणसं सरकारं स्थापतात. आणि राजाविरुद्धच्या तक्रारींची जी लांबलचक यादी आहे, तिच्यातली अगदी पहिली तक्रार अशी, की लोकहितासाठी अत्यंत गरजेच्या कायद्यांना राजा मंजुरी देत नाही. पुढे त्याच यादीत राजानं धाडलेल्या अधिकाऱ्यांच्या झुंडींबद्दलही राग आहे, तो लपवायचं कारण नाही. पण लॉराच्या मनात यातलं काहीच थांबत नाही. राजा गेला, आता मी आणि माझा देव, असा थेट उडीचा प्रवास आहे. मधलं ‘आपण सगळे’ गायब.

संस्थापकांचं एकमत कधीच नव्हतं. बेंजामिन फ्रँकलिननं १७६६ साली लिहिलं होतं, की गरिबाला गरिबीत सुखी करू नका, गरिबीतून बाहेर काढा. त्याचं हे म्हणणं आजही कोणी ना कोणी फेकून मारतं. पण हाच फ्रँकलिन त्याआधी पंधरा वर्षं फिलाडेल्फियात गरीब रुग्णांसाठी इस्पितळ उभं करताना थेट विधिमंडळाकडे गेला, आणि लोकांनी २००० पौंड जमवले तर तुम्ही २००० द्या, अशी अट घालून पैसे घेऊन आला. आत्मचरित्रात या चलाखीचा त्याला फार आनंद वाटलेला दिसतो.

आणि थॉमस पेन. मराठी वाचकाला तो परका नाही. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी त्याचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं, आणि १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना. आपल्याला पेन आठवतो तो राजे आणि धर्मगुरू यांच्यावर तुटून पडणारा. पण ‘राइट्स ऑफ मॅन’चा १७९२ चा दुसरा भाग शेवटी शेवटी चक्क बजेट होतो. इंग्लंडसाठी तो आकडे मांडतो: गरीब घरातल्या चौदा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ४ पौंड, पन्नाशीनंतर ६, साठीनंतर १०. ‘अ‍ॅग्रेरियन जस्टिस’मध्ये (१७९७) तो आणखी पुढे जातो. वारसाहक्कानं मिळणाऱ्या संपत्तीवर कर लावा, त्यातून प्रत्येकाला एकविसाव्या वर्षी १५ पौंड आणि पन्नाशीपासून दरसाल १० पौंड द्या. आणि हे दान नाही, हक्क आहे, कारण जमीन मुळात सगळ्यांची होती. अमेरिकन स्वातंत्र्याची ठिणगी ज्याच्या पुस्तिकेनं टाकली, त्याचं हे म्हणणं आहे. रोझनं ज्या आदर्शांच्या नावानं पेन्शनला विरोध केला, त्या आदर्शांच्या पायाशीच पेन्शनची योजना पडलेली होती.

हे जुनं भांडण असतं तर मी सोडून दिलं असतं. पण रोझचा वारस आणि वकील रॉजर मॅकब्राइड १९७६ साली लिबर्टेरियन पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला. १९९६ साली गरिबांची मदत आखडणारा कायदा आला, त्याच्या नावातच ‘वैयक्तिक जबाबदारी’ हे शब्द होते. आमच्या पूर्वजांना कोणी काही दिलं नव्हतं, हे वाक्य धोरण ठरवताना कामाला येतं. ज्या बाईला रांगेत उभं राहून मदत मागायची असते, तिला आधी त्या न मागणाऱ्या पूर्वजांशी तुलना सोसावी लागते.

एवढं बोलूनही मालिकेतलं मला सर्वात आवडणारं पुस्तक वेगळंच काही करतं. ‘द लाँग विंटर’ (१९४०). १८८०-८१ चा तो हिवाळा. हिमवादळांमुळे रेल्वे बंद, दुकानं रिकामी, मुली कॉफीच्या चक्कीत गहू दळून पाव करतायत. अल्मान्झो आणि कॅप गार्लंड ही दोन पोरं जीव धोक्यात घालून बर्फातून जातात, एका शेतकऱ्याकडून बुशेलला सव्वा डॉलरनं गहू आणतात, आणि फेरीचे काही घेत नाहीत. ज्याच्या पैशांनी गहू आला तो दुकानदार लोफ्टस मात्र भाव लावतो तीन डॉलर. लोक भडकतात. लोफ्टस म्हणतो, हा स्वतंत्र देश आहे, माझ्या मालाचं मी हवं ते करीन. पा शांतपणे सांगतो, स्वतंत्र आम्हीही आहोत. हिवाळा कायमचा नाही, आणि नंतर तुला इथेच धंदा करायचाय.

रोझला हा प्रसंग पसंत पडला असणार: सरकार नाही, कायदा नाही, गिऱ्हाईकांनी दुकानदाराला वळणावर आणलं. पण पुढचं बघा. लोफ्टस आला त्या भावात गहू द्यायला तयार होतो, तेव्हा पा आणखी एक सुचवतो. ज्याच्या हातात पैसे आधी त्याला गहू, असं नको. कोणाच्या घरी किती तोंडं आहेत आणि वसंतापर्यंत किती लागेल, ते बघून वाटू. आणि वाटतात. गावातला प्रत्येक जण गरजेपुरता गहू उचलून घरी नेतो. या पानांवर कोणी भाषण करत नाही, लॉराच्या मनात काही लख्ख होत नाही, आणि म्हणूनच मला ती ४ जुलैच्या पानाहून खरी वाटतात. त्यात स्वातंत्र्याचा युक्तिवाद दोन्ही बाजूंनी होतो आणि शेवटी निर्णय रेशनचा होतो.

नेटफ्लिक्सनं २०२५ मध्ये या पुस्तकांवर नवी मालिका करत असल्याचं जाहीर केलं. फिडल असेल, माळ असेल, सूर्यास्त तर असणारच. गोष्ट डी स्मेटपर्यंत पोचली, तर मला एवढंच बघायचंय की विंटनला मेरीची ट्रंक उतरते तेव्हा कॉलेजच्या रजिस्टरात फीच्या रकान्यापुढे कोणाचं नाव लिहिलेलं दाखवतात.