स्थिरवस्तुचित्रे, राइक्स म्यूझीयममधील

फळे, खाद्यपदार्थ, भांडी, ग्रंथ इ. अचल वस्तूंची मांडणी हाच ज्याचा विषय असतो, अशा चित्रास स्थिरवस्तुचित्र म्हणतात. ‘स्टिललेव्हन’ ही डच संज्ञा सतराव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली. तत्कालीन कलाशास्त्रात या प्रकाराला प्रतिष्ठा नव्हती. फ्रेंच लेखक आंद्रे फेलीब्यँ याने आपल्या श्रेणीत त्यास तळाशी स्थान दिले, तर डच चित्रकार सॅम्युएल व्हान होख्स्ट्राटेन याने १६७८ च्या ग्रंथात असे चित्रकार म्हणजे कलेच्या सैन्यातील साधे शिपाई होत, असे मानले. ॲम्स्टरडॅमच्या राइक्स म्यूझीयममधील चित्रांची परस्परांशी तुलना केली असता हा निवाडा एकांगी ठरतो.

फ्लोरिस व्हान डाइकच्या (सु. १५७५–१६५१) सु. १६१५ मधील चित्रात चीजचे मोठे तुकडे एकावर एक रचले असून भोवती फळे, कवचफळे व पाव आहेत. मेज बरेच उंचावरून पाहिलेले असल्याने वस्तू एकमेकींना फारशा झाकत नाहीत. प्रत्येकीचे वर्णन स्वतंत्र व चोख आहे. परंतु एकंदर परिणाम उत्तम यादीचा होतो. हार्लेमच्याच व्हिलेम हेडाने (१५९४–१६८०) १६३५ मध्ये रंगविलेल्या सोनेरी चषकाच्या चित्रात दृष्टिबिंदू खाली आले आहे. कथिलाची पात्रे, कलंडलेले चांदीचे पात्र, चुरगळलेले मेजवस्त्र, कालवे आणि अर्धवट सोललेले लिंबू ही सर्व राखी-हिरवट रंगांच्या मोजक्या छटांत गुंफली आहेत. येथे वस्तूंना जोडतो तो प्रकाश. यादीची जागा रचनेने घेतली, हे वीस वर्षांतील मोठे स्थित्यंतर होय.

अशा चित्रांचा अर्थ कोणता, याविषयी मतभेद आहेत. कलेतिहासकार एडी डी यॉन्ग याने सतराव्या शतकातील डच चित्रांतील वस्तूंमागे नीतिपर संकेत शोधले. याउलट स्वेतलाना आल्पर्स हिने १९८३ च्या ग्रंथात डच कलेतील वर्णनपरतेला महत्त्व दिले. पीटर क्लासच्या (सु. १५९७–१६६०) दोन चित्रांची तुलना येथे उद्बोधक ठरते. १६२७ च्या चित्रात टर्कीची पिसे लावलेला मांसाचा भरलेला पाय, शंखाचा चषक, चिनी मातीच्या वाडग्यातील फळे व कालवे आहेत. १६२८ च्या चित्रात मात्र कवटी, हाडे, ग्रंथ, वाद्य आणि पायातील काटा काढणाऱ्या मुलाच्या प्राचीन शिल्पाची प्रतिकृती मांडली आहे. आयुष्याची नश्वरता सांगायची तेव्हा क्लासने कवटी उघडपणे पुढे ठेवली. त्यामुळे पहिल्या चित्रातील प्रत्येक कालवात मृत्यूची सूचना वाचणे हे चित्रापेक्षा टीकाकाराच्या सवयीचे द्योतक ठरते. तथापि ते चित्र निव्वळ वर्णनही नव्हे : चिनी वाडगा व शंख दूरच्या समुद्री व्यापाराची साक्ष देतात, आणि संपत्तीचा अभिमान हाही एक अर्थच आहे.

हा अभिमान आद्रीआन व्हान यूट्रेख्त (१५९९–१६५२) या अँटवर्पच्या चित्रकाराच्या १६४४ च्या मेजवानीच्या चित्रात शिगेस पोहोचतो. सु. १·८५ मी. उंच व २·४ मी. रुंद अशा या कॅनव्हासवर शेवंड, फळे, वाद्ये, पोपट, माकड व कुत्रा यांची गर्दी आहे. कसब निर्विवाद असले, तरी नजर कोठेच विसावत नाही. उलट आद्रीआन कोर्टेचे १६९७ मधील ॲस्परॅगसच्या जुडीचे चित्र अवघे सु. २५ × २० सेंमी. आहे. दगडी कट्टा, काळोखी पार्श्वभूमी आणि फिकट कोंबांची बांधलेली एक जुडी, एवढाच त्याचा ऐवज. दीर्घकाळ विस्मृतीत गेलेल्या या चित्रकाराचे मोल विसाव्या शतकाच्या मध्यास ध्यानात आले.

अशा चित्रांना संग्रहालयातील दालन काही अंशी प्रतिकूल ठरते. भव्य कॅनव्हास दुरूनच लक्ष वेधतो. लहान फलकापुढे प्रेक्षकाला थांबावे व जवळ जावे लागते. २०१३ मध्ये नूतनीकरणानंतर खुल्या झालेल्या या संग्रहालयात चित्रांच्या जोडीने समकालीन काचपात्रे व धातुकामही मांडले आहे. चित्रकाराने प्रत्यक्ष वस्तूतून काय निवडले आणि काय गाळले, हे त्यामुळे ताडून पाहता येते. स्थिरवस्तुचित्राचे मूल्य वस्तूंच्या मोलावर वा संख्येवर अवलंबून नसून त्यांच्यातील संबंध घडविण्यावर आहे; हेडा व कोर्टे यांच्या कृती या कसोटीला सर्वाधिक उतरतात.