पैलतीराविना इतिहास

आपल्या राजधानीच्या वारशावरील लेखन जुन्या गोव्याच्या चर्चांपासून निघते, १८४३ मध्ये राजधानी झालेल्या पणजीत येते आणि फोंताइन्याशच्या रंगीत घरांपाशी थांबते. वर्णने देखणी असतात. उणीव दृष्टीची आहे. जुन्या गोव्यासमोरील दिवाडीचा सप्तकोटीश्वर पोर्तुगीज अमलात भंगला, तो नदीपलीकडे डिचोलीतील नार्व्यास स्थिरावला. १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी तेथील देवालयाच्या कामास आरंभ केल्याचे शिलालेख सांगतो. पेडणे तर १७८८ पर्यंत सावंतवाडीकडे होते. शहराने जे गमावले, ते या महालांनी सांभाळले. ही देवस्थाने व घराण्यांची दप्तरे वगळून लिहिलेला इतिहास खोटा नव्हे, पण अर्धा आहे. अभ्यासकांनी नार्व्याची फेरीबोट एकदा तरी धरावी.