‘पायोनियर’ कुणाला म्हणायचं? शेफील्ड, बर्लिन आणि आपली एलबीएस रोडची बाजू

पीएचडीचं प्रपोजल लिहायला बसलेल्या दहा जणांतल्या आठ जणांच्या पहिल्या पानावर एक शब्द हमखास सापडतो: ‘आद्य’. इंग्रजीतून लिहीत असाल तर ‘पायोनियरिंग’. वाचायला भारदस्त वाटतो, पण या एका शब्दात तीन वेगवेगळे दावे कोंबलेले असतात. हे आधी झालं, हा एक. याच्यामुळे पुढचं झालं, हा दुसरा. आणि हे चांगलं आहे, हा तिसरा. तिन्हींना लागणारा पुरावा वेगळा. पहिल्याला तारखा लागतात, दुसऱ्याला कुणी कुणाचं ऐकलं याचा माग लागतो, आणि तिसऱ्याला तुमचे स्वतःचे कान. परीक्षक नेमकं इथंच बोट ठेवतात: ‘तुम्ही यातलं काय म्हणताय?’

हे समजावून सांगायला मी आज पोस्ट-पंक आणि इंडस्ट्रियल बँड घेतो, कारण या विषयावर भांडणारी माणसं तिन्ही दावे इतक्या सहज मिसळतात की बघत राहावं. ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी एका वाक्यात: १९७६-७७ ला ब्रिटनमध्ये पंकचा भडका उडाला, आणि त्याच्या आगेमागे काही मंडळींनी रॉकची रचनाच मोडून बघायला सुरुवात केली. कुणी गिटार, बास आणि रिकाम्या जागा घेऊन (पोस्ट-पंक), तर कुणी टेपरेकॉर्डर, सिंथेसायझर आणि सरळ सरळ गोंगाट घेऊन (इंडस्ट्रियल).

‘आधी कोण?’ हा प्रश्न सगळ्यात सोपा वाटतो. थ्रॉबिंग ग्रिसल हा बँड लंडनमध्ये १९७५ ला सुरू झाला, त्यांच्या लेबलचं नावच ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’, त्यामुळे शैलीचं नाव त्यांच्याकडून आलं हे खरं. पण शेफील्डचा कॅबरे व्होल्तेर १९७३ पासूनच टेपचे तुकडे कापून चिकटवत होता. मग कॅबरे व्होल्तेर आधी? थांबा. पियर शेफरने पॅरिसच्या रेडिओवर आगगाडीचे आवाज जोडून रचना केली १९४८ मध्ये. आणि लुईजी रुसोलोने गोंगाटाचा जाहीरनामा लिहिला १९१३ ला. म्हणजे ‘पहिला’ म्हणून ज्याला धराल त्याच्या मागे आणखी कुणीतरी उभा असतोच. प्रपोजलमध्ये ‘पहिला’ लिहायचं असेल तर ‘कशातला पहिला’ हे पुढच्याच वाक्यात आलं पाहिजे. नावाचा पहिला मान थ्रॉबिंग ग्रिसलचा, टेपवर बँड चालवण्याच्या सवयीत कॅबरे व्होल्तेर त्यांच्या आधी. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात.

तारखांचा दुसरा उपयोग म्हणजे कारणांच्या गोष्टी तपासणं. बर्लिनच्या ‘आइनस्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन’ या नावाचा अर्थ ‘कोसळणाऱ्या नव्या इमारती’. बर्लिनच्या काँग्रेस हॉलचं छप्पर खरोखरच कोसळलं होतं, त्यामुळे नाव त्यावरून पडलं असणार असं वाटणं साहजिक आहे. पण छप्पर कोसळलं २१ मे १९८० ला, आणि बँडचा पहिला कार्यक्रम झाला १ एप्रिल १९८० ला. इतकी देखणी गोष्ट दोन तारखांनी संपते. तुमच्या विषयातही अशी एखादी देखणी गोष्ट असणार. आधी तिच्या तारखा बघा.

आता गुणवत्तेकडे. इथं मी माझं मत सांगतो. न सांगता ‘दोन्ही आपापल्या जागी थोर’ म्हणणं सोपं असतं, पण त्याला समीक्षा म्हणत नाहीत.

माझ्या मते थ्रॉबिंग ग्रिसलचं महत्त्व त्यांच्या संगीतापेक्षा मोठं आहे. स्वतःचं लेबल काढणं, स्वतःची यंत्रं बनवणं (ख्रिस कार्टरने आवाज विस्कटणारी पेटी स्वतः जुळवली होती), कार्यक्रमांच्या कॅसेट विकणं, हे सगळं पुढच्या दोन पिढ्यांनी उचललं. पण ‘सेकंड ॲन्युअल रिपोर्ट’ (१९७७) आज सलग ऐकताना बराच भाग नुसता धक्का देण्यासाठी केलेला वाटतो. छळछावण्यांची, खुनांची प्रतिमा वापरायची आणि तिच्याविषयी स्वतः काय वाटतं ते सांगायचं नाही, ही त्यांची पद्धत. यावर त्यांचे चाहते म्हणतात, ‘अहो, ते आरसा दाखवत होते.’ असेल. पण आरसा धरणारा कुठं उभा आहे हे विचारायचा हक्क ऐकणाऱ्याला आहे. ‘ट्वेंटी जॅझ फंक ग्रेट्स’ (१९७९) मात्र खरंच चांगली आहे. नाव बघून हलकंफुलकं काही असेल वाटतं, कव्हरवर चौघं समुद्रकाठच्या कड्यावर हसत उभे, आणि तो कडा म्हणजे आत्महत्यांसाठी कुप्रसिद्ध असलेला बीची हेड. इथं भीती आरडाओरड न करता आत शिरते.

कॅबरे व्होल्तेरची ‘रेड मक्का’ (१९८१) मी त्याहून वर ठेवतो. यात ताल आहे, म्हणजे शरीराला धरून ठेवणारं काहीतरी आहे, आणि त्यावर रेडिओ-टीव्हीच्या बातम्यांतून गळून आल्यासारखे आवाज. त्या वर्षांतलं धर्म, तेल आणि टीव्ही यांचं वातावरण ती भाषण न देता पकडते. त्यांच्यातला ख्रिस वॉटसन आधी टेलिफोन इंजिनिअर होता, नंतर निसर्गपटांसाठी पक्षी-प्राण्यांचे आवाज टिपणारा नामांकित ध्वनिमुद्रक झाला. हे वळण मला पटतं. ऐकण्याचा तोच सराव, फक्त कारखान्याऐवजी जंगल.

जॉय डिव्हिजनवर बोलताना लोक इयान कर्टिसच्या मृत्यूवर (१८ मे १९८०) येऊन थांबतात आणि संगीत बाजूला राहतं. ‘अननोन प्लेझर्स’ (१९७९) मधला तो गार, रिकाम्या गोदामासारखा आवाज बँडचा की निर्माता मार्टिन हॅनेटचा? बँडच्या थेट कार्यक्रमांची रेकॉर्डिंग ऐका, तिथं ते जास्त अंगावर येणारे, खरखरीत आहेत. म्हणजे ज्या गुणासाठी आपण बँडला पायोनियर म्हणतो तो बराचसा स्टुडिओत बसलेल्या माणसाचा. ‘लेखक कोण’ हा प्रश्न साहित्यवाल्यांपुरता नाही तो असा.

त्याच अल्बमच्या कव्हरची गोष्ट तुम्हाला आवडेल. काळ्यावर पांढऱ्या लाटा-लाटांचं ते चित्र, टी-शर्टवर नक्की पाहिलं असेल. ती आहे एका पल्सारच्या रेडिओ-स्पंदांची आकृती, आणि ती मूळ छापली गेली हॅरॉल्ड क्राफ्ट यांच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या १९७० च्या पीएचडी प्रबंधात. तो पल्सार १९६७ मध्ये सापडला तोही जोसलिन बेल यांना, आणि तेव्हा त्याही पीएचडीच्याच विद्यार्थिनी होत्या. (आपल्याकडे नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणी आजही पल्सार ऐकतात.) तेव्हा ‘आपला थीसिस कोण वाचणार’ म्हणून रडत बसू नका. वाचणार नाहीतही, पण कदाचित घालतील.

नॉयबाउटेनबद्दल थोडक्यात: ‘कोलाप्स’ (१९८१) मधला पत्रा, ड्रिल, भंगार हे नुसतं नाटक नाही, कारण त्यातून त्यांनी खरोखर वेगळा नाद काढला. पत्र्याचा आवाज विरून जाईपर्यंत थांबायची हिंमत त्यांच्यात आहे. या यादीत कानांच्या बाबतीत सगळ्यात सूक्ष्म तेच.

इथवर सगळं युरोपात झालं. आता दुसरा दावा, ‘याच्यामुळे पुढचं झालं’. यासाठी मुंबईचंच उदाहरण घ्यावं लागेल. १९८२ मध्ये एचएमव्हीने चरणजित सिंग यांची एक तबकडी काढली, दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर. सिंग हिंदी सिनेमातले वादक. त्यांच्याकडे रोलँडची तीन यंत्रं होती: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. यांतल्या ३०३ च्या घरंगळणाऱ्या बासवर पुढे शिकागोत ‘ॲसिड हाउस’ उभं राहिलं, पण ती प्रसिद्ध रेकॉर्ड, फ्यूचरची ‘ॲसिड ट्रॅक्स’, १९८७ ची. सिंगांची तबकडी फारशी खपली नाही. एका डच संग्राहकाच्या हाती लागून २०१० ला ती पुन्हा निघाली आणि जगभर मथळे झाले, ‘ॲसिड हाउसचा जनक मुंबईत!’ २०१५ ला मुंबईतच सिंग वारले.

आपल्याला अभिमान वाटणारच. पण दावे वेगळे करा. आधी? हो, पाच वर्षं. त्यामुळे पुढचं झालं? शिकागोतल्या पोरांनी ही तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही, तेव्हा ‘जनक’ हा शब्द गळला. चांगली? माझं उत्तर मिश्र आहे. ठेका एकदा लावला की हलत नाही, त्यामुळे आलापाला जागाच उरत नाही, आणि आलापाशिवाय मालकंस म्हणजे नुसता पाच सुरांचा साचा. पण ३०३ एका सुरावरून दुसऱ्यावर घसरतो तेव्हा मींडेची आठवण होते, आणि यंत्राचा तो स्वभाव भारतीय कानाला इतक्या लवकर सापडला ही गोष्ट मला शिकागोच्या वादापेक्षा मोलाची वाटते.

मग येतो तो प्रश्न, जो मला दरवर्षी कुणीतरी विचारतं: शेफील्डला पोलाद बसलं आणि इंडस्ट्रियल संगीत आलं. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, गिरण्या बसल्या. इथं घाटकोपर ते मुलुंड एलबीएस रोडला कारखान्यांची रांग होती, आता कांजूरमार्गला उतरा, क्रॉम्प्टनच्या आवारात टॉवर दिसतील. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत मारले गेले तेही इथंच पलीकडे पवईत, १९९७ च्या जानेवारीत. मग आपल्याकडे तसं संगीत का नाही झालं?

विषय म्हणून आकर्षक आहे, पण असा घेऊ नका. या प्रश्नाने शेफील्डला नियम ठरवलं आणि मुंबईला अपवाद. मुळात शेफील्डची ती मुलं भट्टीवर काम करणारी नव्हती. भट्टीचा आवाज त्यांच्यासाठी कच्चा माल होता. इथल्या गिरणगावात कामगाराचं स्वतःचं गाणं आधीपासून होतं: अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक १९४४ चं. शाहिराला शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो, तो गोंगाटात शब्द बुडवेल कशाला? ऐकण्याचे निकषच बदलतात. लीड्सचा गँग ऑफ फोर त्यातल्या त्यात जवळचा, त्यांच्या ‘एंटरटेनमेंट!’ (१९७९) मध्ये मार्क्सवाद आहे, धारदार गिटार आहे. पण ते बोलतात ग्राहकाशी, तेही तिरकस. विलास घोगरे बोलायचे झोपडपट्टीतल्या माणसाशी, सरळ.

घोगरे मुलुंडला राहायचे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. त्यानंतर काही दिवसांत घोगरेंनी आपल्या झोपडीत जीव दिला. त्यांचा आवाज आपल्याला ऐकू येतो तो प्रामुख्याने आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) आणि ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटांमुळे. त्यांना लेबल नव्हतं. कॅबरे व्होल्तेरची प्रत्येक कॅसेट आज नव्याने छापून मिळते, तशी तुलना करायला घोगरेंच्या बाजूला ठेवायचं काय, हा खरा अडथळा आहे. ‘पायोनियर’च्या याद्या साठवलेल्या आवाजांवर बनतात, आणि साठवणं कुणाला परवडलं हा त्यातला आधीचा प्रश्न.

तेव्हा यावर काम करायची इच्छा असेल तर बँडची तुलना तूर्त बाजूला ठेवा आणि विक्रोळी, भांडुप, मुलुंडच्या वस्त्यांतून ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या कलापथकांच्या कॅसेट कुणाकडे उरल्यात ते विचारत फिरा. पावसाळ्याआधी. टेपला बुरशी धरली की डिजिटाइझ करताना वरचा थर निघून येतो, आणि कोरडी केल्याशिवाय ती प्लेयरमध्ये घालायची नाही.