तळाच्या ओळीतला मराठवाडा

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा अहवाल ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. देशातल्या २८ नोंदणी केंद्रांनी मुख्यतः २०१२ ते २०१६ या वर्षांत गोळा केलेली माहिती त्यात आहे. अहवाल कष्टाने केलेला आहे, आणि आपल्याकडे या विषयावर यापेक्षा बरे काही सहजी मिळत नाही. आमची तक्रार आहे ती त्यातल्या एका प्रकारच्या आकृतीबद्दल, आणि ती आकृती पुढे वर्तमानपत्रांत, भाषणांत व वर्गातल्या तक्त्यांवर ज्या रीतीने वाचली जाते त्याबद्दल.

या आकृतीत सर्व केंद्रे उतरत्या क्रमाने लावलेली असतात. पुरुषांच्या यादीत सर्वांत वर मिझोराममधला ऐझॉल जिल्हा आहे. तेथे वर्षाला दर लाख पुरुषांमागे २६९.४ नवे रुग्ण. स्त्रियांच्या यादीत सर्वांत वर अरुणाचल प्रदेशातील पापुम पारे जिल्हा, दर लाख स्त्रियांमागे २१९.८. आणि दोन्ही याद्यांत अगदी तळाला एकच नाव आहे: उस्मानाबाद व बीड. (उस्मानाबादचे नाव २०२३ पासून धाराशिव आहे, अहवालातले जुने नाव आम्ही येथे ठेवले आहे.) तेथील आकडे पुरुष ३९.५ आणि स्त्रिया ४९.४. ऐझॉलच्या पुरुषांचा दर आपल्या शेजारच्या या दोन जिल्ह्यांतील पुरुषांच्या जवळजवळ सातपट झाला.

आता धर्माबादच्या एखाद्या शाळेत हा तक्ता फळ्यावर मांडला, तर मुले काय म्हणतील? मराठवाड्यात कर्करोग कमी. का कमी? ज्वारीची भाकरी, मोकळी हवा, अंगमेहनत. उत्तर तयारच असते. समजा आकडा उलटा निघाला असता, तर धर्माबादच्या मिरचीच्या बाजाराकडे बोट गेले असते, आणि तेही तितक्याच खात्रीने. ज्या आकड्याला कोणतेही कारण चिकटवता येते, तो आकडा मुळात कसा तयार होतो हे आधी पाहणे बरे.

दर म्हणजे एक अपूर्णांक. अंशस्थानी त्या प्रदेशात राहणाऱ्या लोकांपैकी त्या वर्षी नव्याने निदान झालेले रुग्ण, छेदस्थानी त्या प्रदेशाची लोकसंख्या. छेद जनगणनेतून मिळतो. अंश मात्र कोणीतरी शोधून आणावा लागतो. नोंदणी केंद्राचे कार्यकर्ते रुग्णालये, प्रयोगशाळा, मृत्युनोंदणीची कार्यालये असे हिंडून एकेक रुग्ण टिपतात, तोच रुग्ण दोनदा आला नाही ना हे पाहतात, आणि तो मूळचा कुठला हे ठरवतात. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये अशी पहिली नोंदणी सुरू केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी, १९८१-८२ मध्ये आला.

धर्माबादच्या एखाद्या शेतकऱ्याची कल्पना करा. जीभेवर जखम आहे, ती भरत नाही. तो गावच्या डॉक्टरकडून नांदेडला जाईल, किंवा रेल्वेने बासर, गोदावरीचा पूल, निझामाबाद असा हैदराबादला जाईल. तेथे एम. एन. जे. हे सरकारी कर्करोग रुग्णालय आहे. कोणी नातेवाईक मुंबईत असला तर टाटा रुग्णालय. किंवा तो कोठेच जाणार नाही; जखम वाढत जाईल, आणि घरीच मृत्यू आला तर ग्रामपंचायतीच्या नोंदीत कारण म्हणून ‘आजारपण’ किंवा ‘वृद्धापकाळ’ लागेल. रोग एकच, पण पहिल्या तीन वाटांनी गेला तर तो कोणाच्या तरी कागदावर येतो, चौथ्या वाटेने गेला तर कोणाच्याच नाही. कागदावर आला तरी हैदराबादच्या कागदावरचा धर्माबादचा माणूस धर्माबादच्या खात्यात जमा व्हायला धर्माबादचे खाते असावे लागते. अहवालातल्या २८ केंद्रांत नांदेड नाही आणि लातूरही नाही. म्हणजे आपण ‘मराठवाडा तळाला’ म्हणतो तेव्हा शेजारच्या जिल्ह्याचा आकडा आपल्या अंगावर घेत असतो.

शिवाय वयाचा प्रश्न आहे. अहवालातले वरचे आकडे वयानुसार समायोजित आहेत. याचा अर्थ पुष्कळांना कळत नाही, म्हणून एक साधे गणित करू. समजा पन्नाशीच्या आतल्यांत कर्करोगाचा दर लाखाला २० आहे आणि पन्नाशीनंतर ३००. हे दर दोन गावांत अगदी सारखे आहेत. पहिल्या गावात शंभरातले दहा लोक पन्नाशीच्या पुढचे, दुसऱ्यात पंचवीस. पहिल्या गावाचा एकूण दर १८ अधिक ३०, म्हणजे ४८ येतो. दुसऱ्याचा १५ अधिक ७५, म्हणजे ९०. एकाही माणसाचा धोका वेगळा नसताना दुसरे गाव जवळजवळ दुप्पट ‘रोगट’ ठरले! समायोजन करताना दोन्ही गावांचे वयोगटवार दर एकाच प्रमाण लोकसंख्येला लावतात. मग हा फरक नाहीसा होतो. हे गणित आठवी-नववीच्या मुलांना सहज जमते आणि ते जरूर करून घ्यावे. पण येथेच शिक्षकांची एक फसगत होण्याचा संभव असतो. ‘समायोजित’ हा शब्द वाचला की सगळे दोष काढून टाकले असे वाटते. काढला जातो तो फक्त वयाचा दोष. जो रुग्ण नोंदलाच गेला नाही, त्याला कोणतेही समायोजन परत आणू शकत नाही.

मग तळाचा आकडा निव्वळ कमी नोंदीमुळे आहे, असे म्हणून मोकळे व्हावे काय? तसेही नाही, आणि याचा पुरावा मराठवाड्याच्या उंबरठ्यावरच आहे. बार्शी येथे १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके तिने घेतले. त्यांपैकी परांडा व भूम उस्मानाबाद जिल्ह्यातले. खेड्यातला रुग्ण रुग्णालयात येईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही हे ओळखून तेथील कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले. गावातल्या जाणत्या माणसांना भेटायचे, कर्करोगाची लक्षणे समजावून सांगायची, संशयित माणसाला तपासणीला यायला तयार करायचे, अशी ती पद्धत. याचा एक परिणाम मोजणीच्या पलीकडचा होता. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या. मोजणाऱ्याच्या हिंडण्यानेच मोजली जाणारी गोष्ट बदलली.

इतके दारोदार शोधूनही बार्शीचा एकूण दर मुंबईच्या निम्म्याच्या आसपासच राहिला आहे. म्हणजे खेड्यात कर्करोग खरोखरच काहीसा कमी असावा असे मानायला जागा आहे. मात्र किती कमी, हे त्या तळाच्या ओळीवरून ठरणार नाही. शिवाय एकूण दराखाली वेगवेगळे रोग झाकले जातात. बार्शीच्या सुरुवातीच्या वर्षांत स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग इतर सर्वांच्या फार पुढे होता. मुंबईत मात्र तो दशकानुदशके उतरत गेला आणि स्तनाचा कर्करोग चढत गेला. पहिल्याचे कारण एक विषाणू आहे, आणि तो टाळता येण्यासारखा आहे. एक आकडा दुसऱ्यापेक्षा लहान म्हणून तो कमी दुःखाचा असे नव्हे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पुन्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलेच आहे, आणि ते वर्गात का सांगितले जात नाही याचे आम्हाला नवल वाटते. या जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा प्रयोग झाला. खेड्यांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया चार प्रकारांत विभागल्या. एका प्रकारात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूची चाचणी एकदाच केली, दोन प्रकारांत वेगळ्या तपासण्या केल्या, आणि चौथ्यात नेहमीची उपलब्ध आरोग्यसेवा तेवढी राहिली. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूचाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रियांपैकी १२७ जणींना कर्करोग आढळला. तुलनेच्या गटात ३१,४८८ पैकी ११८ जणींना. लाखाचा हिशेब केला तर ३७२ आणि ३७५. म्हणजे ज्या मोजमापाची आपण एवढी चर्चा करतो, त्यात दोन्ही गट सारखेच!

आता पुढचे आकडे पाहा. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या अवस्थेला पोचलेल्या स्त्रिया चाचणीच्या गटात ३९, तुलनेच्या गटात ८२. या कर्करोगाने झालेले मृत्यू ३४ आणि ६४. नव्या रुग्णांचा दर सारखा असताना मरणाचा दर निम्मा. (तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवण्याच्या नैतिकतेवर पुढे कडक टीका झाली. ती आम्हाला योग्य वाटते. पण म्हणून त्या स्त्रियांनी दिलेली माहिती विसरून जाणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल.)

छेदाचीही एक गोष्ट सांगायला हवी. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले आणि राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. सहापैकी एक. शस्त्रक्रियेत गर्भाशयमुखही काढले गेले असेल तर त्या स्त्रीला त्या जागेचा कर्करोग होणे नाही. तरी दर काढताना ती छेदात मोजली जाते. असा दर थोडा खाली येईल, आणि ती घट आरोग्याची खूण म्हणून कोणी मिरवू नये.

वरच्या टोकाला मात्र सगळाच नोंदीचा खेळ नाही. ऐझॉलचे क्षेत्र लहान, नोंद तुलनेने नीट, हे खरे. पण तेथे जठराचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग खरोखरच फार आहे, आणि तंबाखूचे तेथील खास प्रकार (एकात तर तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून ते पाणी तोंडात धरतात) व धुरावलेले मांस यांच्याशी त्याचा संबंध अभ्यासांत दिसून आला आहे. आपल्याकडेही मिश्री आणि गुटखा यांच्या बाबतीत शंकेला जागा नाही. याच अहवालाच्या अंदाजानुसार २०२० मध्ये देशातील कर्करोगांपैकी २७.१ टक्के तंबाखूशी निगडित होते.

काळाच्या ओघात दर वाढतो किंवा घटतो तेव्हाही हीच सावधगिरी हवी. अहवालाने २०२० साठी सुमारे १३.९ लाख आणि २०२५ साठी सुमारे १५.७ लाख नव्या रुग्णांचा अंदाज दिला, आणि ‘कर्करोगात वाढ’ असे मथळे झाले. लोकसंख्या वाढली आणि तिच्यात वयस्कांचा वाटा वाढला, की दर तसूभर न हलताही रुग्णसंख्या वाढते. वरच्या दोन गावांचे गणित येथे एकाच गावाला, वीस वर्षांच्या अंतराने लावून पाहावे. दक्षिण कोरियात तर दरही वाढला होता. १९९९ मध्ये तेथे कर्करोग तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या जोडीला थोडे पैसे देऊन गळ्याची सोनोग्राफी करून घेण्याची प्रथा पडली, आणि २०११ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान १९९३ च्या पंधरापट झाले. त्या रोगाने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. तेथे डोळे फार उघडले होते, आपल्याकडे अर्धे मिटलेले आहेत. दोन्हीकडे आकडा डोळ्यांबद्दल बोलतो आणि लोक तो रोगाबद्दल समजतात.

अहवालकर्त्यांना हे ठाऊक नाही असे नाही. किती रुग्णांचे निदान सूक्ष्मदर्शकाखाली पक्के झाले, किती जणांची माहिती केवळ मृत्यूच्या दाखल्यावरून कळली, नव्या रुग्णांच्या तुलनेत मृत्यू किती नोंदले गेले, ही गुणवत्तेची मापे अहवालात दिलेली आहेत. पण ती वेगळ्या पानांवर आहेत आणि उतरत्या क्रमाचा तक्ता एकटाच बाहेर पडतो. ही मापे त्याच तक्त्यात, प्रत्येक केंद्राच्या नावासमोर छापायला हवीत. तसेच नकाशा काढताना ज्या जिल्ह्यांत नोंदणी नाही ते कोरे सोडायला हवेत. २८ केंद्रे मिळून देशाची जेमतेम दहा टक्के लोकसंख्या होते. एवढा कोरा कागद दिसला तर विद्यार्थ्याला पहिला प्रश्न आपोआप पडेल. शिक्षकांनी हा नकाशा वर्गात करून घेतला, तर महाराष्ट्राच्या भागात मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, बार्शी, उस्मानाबाद-बीड एवढेच रंगवावे लागेल. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली पांढरे राहतील, आणि धर्माबादच्या मुलाला आपले गाव त्या पांढऱ्यात पेन्सिलीने टिंब देऊन दाखवावे लागेल.