नाव जुळलं म्हणजे कंत्राटदार सापडला?

कॅलिफोर्नियातली घरबांधणीची परमिटं लायसन्सधारकाशी जोडताना नुसतं नावांचं साम्य मोजायची पद्धत सोपी आहे, पण मला पटत नाही. तिथे लायसन्स व्यक्तीलाही मिळतं, कंपनीलाही. बापलेकांच्या फर्मची नावं सारखी असली की बापाचं गळकं छत मुलाच्या खात्यावर! आधी लायसन्स क्रमांक जुळवा. मग परमिटच्या तारखेला ते चालू होतं का बघा. आज रद्द दिसतंय म्हणजे तेव्हाही रद्द होतं असं नाही.

आणि घरमालकाने ‘ओनर-बिल्डर’ म्हणून स्वतःच परमिट काढलं असेल तर? तिथे मुख्य कंत्राटदार नसतोच. पण मालकाचं नाव एखाद्या कंत्राटदारासारखं निघालं की सॉफ्टवेअर बिनधास्त जोडी लावतं. अशी परमिटं आधीच वेगळी काढा, न जुळलेल्यांत मोजू नका.