चोवीसशेचा साडू

साडू हे नाते ज्याने निर्माण केले त्याला तुलना करण्याची फार हौस असली पाहिजे. सासुरवाडीच्या ओसरीवर दोन जावई शेजारी शेजारी बसले, की आतल्या चुलीपर्यंत दोघांची मापे काढली जातात. आम्ही खामगावचे, आमचे साडू मलकापूरचे. त्यांच्या घरी फ्रिज आला की आमच्या घरी अबोला येतो. हा पंचवीस वर्षांचा रिवाज आहे.

2003 साली मात्र मी बाजी मारली. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून मुलासाठी कॉम्प्युटर आणला. आत पेंटियम 4, वेग 2.4 गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 240 कोटी ठोके! ठोक्यांचे पुढे काय करायचे ते मला ठाऊक नव्हते, पण दिवाणखान्यात सांगायला आकडा भरदार होता. दोन महिन्यांत साडूभाऊंनीही कॉम्प्युटर घेतला. त्यांचा एएमडीचा एथलॉन एक्सपी 2400+, आणि तोही माझ्यापेक्षा स्वस्तात.

मग मला शोध लागला, की त्यांचा 2400+ प्रत्यक्षात चालतो 2 गिगाहर्ट्झवर. चोवीसशे लिहायचे आणि दोन हजार मोजून द्यायचे! कंपनीचा खुलासा असा, की हा आकडा जुन्या एथलॉनच्या तुलनेतला आहे. पण दुकानातले गिऱ्हाईक तो कोणत्या शेजाऱ्याशी ताडून बघणार, हे न कळण्याइतके कोणी भोळे नसते. ‘मापात पाप’ ही बातमी मी बुलढाण्यापासून शेगावपर्यंत सगळ्या सोयऱ्यांना पोचवली.

साडूभाऊ एवढेच म्हणाले, “आकडा पाहून बैल घेतेत का भाऊ?”

प्रकरण इथेच मिटले असते. पण नांदुऱ्याच्या आमच्या मेहुण्याच्या मुलीला लग्नपत्रिका छापून देण्याचे डीटीपीचे दुकान काढायचे होते. भांडवल म्हणजे आईच्या मोडलेल्या पाटल्या. ती म्हणाली, “काका, तुम्ही दोघं मिळून सांगाल तेच मशीन घेते.” आता मिरवणे निराळे आणि पाटल्या निराळ्या. माझ्या तोंडचे पाणी पळाले.

खामगाव आणि मलकापूर यांच्या मधोमध नांदुरा, 105 फुटी हनुमानाचे गाव. तेव्हा सामना तिथेच ठरला. साडूभाऊ आपला डबा गोधडीत गुंडाळून एस.टी.ने घेऊन आले. कंडक्टरने विचारले, “बाळ आजारी आहे का?”

दोन्ही यंत्रांना तीच कामे दिली. लग्नाच्या कॅसेटची व्हीसीडी करण्यात माझा पेंटियम उघड पुढे गेला, आणि मी चहा मागवला. त्याच्याजवळ एसएसई-2 नावाच्या जादा सूचना होत्या. एकाच हुकमात अनेक आकडे उरकणाऱ्या त्या सूचना एथलॉन एक्सपीत नव्हत्या. पण हिशेबाचे मोठे तक्ते आणि फोटोवरचे संस्कार यांत साडूभाऊंचा एथलॉन बरोबरीने चालला. कुठे कुठे तर पुढेच गेला. दर सेकंदाला 40 कोटी ठोके कमी देऊन! मी घड्याळ दोनदा तपासले. घड्याळ बरोबर होते.

याचे कारण मला पुढे वाचून कळले, आणि समजले ते 1972च्या दुष्काळातल्या रस्त्याच्या कामामुळे. मातीची घमेली हातोहात जाताना तेव्हा मी पाहिली होती. पेंटियम 4च्या रांगेत 20 माणसे. प्रत्येकाने करायचे काम चिमूटभर, त्यामुळे मुकादमाला ताल जलद धरता येतो. एथलॉनच्या रांगेत माणसे 10. ताल संथ, पण दर तालाला काम जास्त. त्यात मधेच ‘ही माती इकडे नको, तिकडे’ असा हुकूम फिरला, की रांगेतली सगळी घमेली वाया. रांग लांब तेवढी माती जास्त सांडते, आणि संगणकाच्या कामात हुकूम पदोपदी फिरतात. मी 240 कोटींचा ताल विकत घेतला होता. घमेली मोजलीच नव्हती. म्हणजे साडूभाऊंच्या आकड्यात पाप असेल, तर माझ्याही आकड्यात पुण्य नव्हते.

तापण्याच्या बाबतीत दोघे सख्खे भाऊ, साठ वॅटच्या बल्बाच्या आसपास. आणि नाते तरी किती लांबचे? पुण्यात जन्मलेले विनोद धाम यांनी इंटेलमध्ये 1993चा पहिला पेंटियम घडवण्यात पुढाकार घेतला, आणि पुढे एएमडीच्या 1997च्या के-6लाही त्यांचाच हात लागला. दोन्ही घराण्यांत एकच सोयरा!

पत्रिका जुळवण्याच्या खऱ्या कामात मात्र दोघांत तिळाचाही फरक पडला नाही. दोन्ही यंत्रे धाकट्या मामांचे नाव आधी की मोठ्या काकांचे, हे ठरायची वाट बघत स्वस्थ बसली होती. तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली आणि सामना संपला.

अंधारात मुलीने विचारले, “मग काय घेऊ, काका?”

व्हीसीडीचा धंदा तिला करायचा नव्हता. एथलॉन घेतला तर उरलेल्या पैशांत 128 एमबीची जादा रॅम येत होती, आणि पानावर फोटो चढवताना तीच कामाला येणार होती. दिवे नव्हते तेवढ्यात मी बोलून टाकले, “साडूभाऊंचा घे.” साडूभाऊ काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या कपात आपला अर्धा चहा ओतला.

पुढे 2004 साली पेंटियम 4ची रांग 31 माणसांची झाली, आणि त्याच वर्षी इंटेलने 4 गिगाहर्ट्झचा बेत सोडून दिला. 2006च्या कोअर 2 ड्युओने तर ताल कमी ठेवून स्वतःच्याच पेंटियमला मागे टाकले. ही बातमी मी सोयऱ्यांत पोचवली नाही.

मुलीच्या दुकानातली पहिली पत्रिका दुकानाच्याच उद्घाटनाची. खाली दोन नावे होती, आधी साडूभाऊंचे आणि मग माझे. नात्याने मी थोरला जावई. मी विचारले, तर म्हणाली, “काका, मशीननंच तसं लावलं.”