स्पर्धा दोघांची, पंच कोण?

(बोनकोडे, कोपरखैरणे येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

आजचा विषय मोबाइल कंपन्या आणि उपग्रहावरून येणारं इंटरनेट यांच्यातली स्पर्धा. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं इथे काय काम, असं तुम्हाला वाटेल. काम एवढंच, की या चर्चेत एक शब्द फार सैलपणे वापरला जातो. तो शब्द म्हणजे 'स्पर्धा'. 'स्पर्धा आली की ग्राहकाचं भलं होतं' हे वाक्य आपण वर्तमानपत्रात वाचतो, मंत्र्यांच्या तोंडून ऐकतो, चहाच्या टपरीवरही ऐकतो. हे वाक्य खोटं आहे असं मी म्हणणार नाही. ते कुठपर्यंत खरं आहे आणि कुठे थांबतं, एवढं तपासू या.

तुमचं गाव या विषयासाठी नेमक्या जागी वसलेलं आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याकडे गेलं की धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी लागते. २००२ च्या डिसेंबरात रिलायन्स इन्फोकॉम सुरू झाली, तेव्हा स्वस्त मोबाइलचा मोठा कारभार याच आवारातून चालत होता. २००५ च्या वाटणीत ही कंपनी धाकट्या भावाकडे गेली आणि २०१९ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकली. थोडं पुढे घणसोलीला रिलायन्स कॉर्पोरेट पार्क. तिथून जिओ चालते, आणि ती आज देशात पहिल्या क्रमांकावर आहे. दोन आवारांत अंतर काही किलोमीटरचं, पण भारतातल्या दूरसंचाराची चढउतार त्यात मावते.

आता शब्दाकडे. कुस्तीत पैलवान दोन असतात, पण कुस्तीला माणसं तीन लागतात. तिसरा पंच. पंच नसेल तर ती मारामारी होते, आणि दोघांनी आधीच ठरवून घेतलं तर नूरा कुस्ती. बाजारात हा पंच म्हणजे गिऱ्हाईक. त्याच्या हातातली शिट्टी कोणती? निघून जाण्याची. अल्बर्ट हिर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की माल किंवा संस्था बिघडली तर माणसापुढे दोन वाटा असतात : बाहेर पडायचं किंवा आवाज उठवायचा. बाजार पहिल्या वाटेवर चालतो, राजकारण दुसऱ्या. आपल्याकडे २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. त्या दिवशी पंचाच्या हातात खरी शिट्टी आली.

स्पर्धेने काय दिलं तेही मोकळेपणाने सांगायला हवं. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. आपल्या माणसांनी त्यावर मिस्ड कॉलची युक्ती काढली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये! २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आली आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत सगळं मोफत. त्याआधी एक जीबी डेटाला दोनशे रुपयांच्या वर मोजावे लागत. पुढे तोच दर दहा रुपयांच्या आसपास आला. भाजीवालीच्या गाडीवर क्यूआर कोड लागला, रिक्षावाला व्हॉट्सअॅपवर बोलू लागला, ते यामुळे. ही किमया स्पर्धेची होती.

पण शर्यतीचा एक स्वभाव असतो : ती धावणाऱ्यांची संख्या कमी करत जाते. एके काळी डझनभर कंपन्या होत्या. एअरसेल बुडाली, टेलिनॉर आणि टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलमध्ये गेला, व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या, आणि थकबाकीपोटी त्या एकत्र कंपनीत सरकारच सर्वांत मोठा भागीदार झालं. आज दर चार मोबाइल ग्राहकांपैकी सुमारे तीन जिओ आणि एअरटेल या दोघांकडे आहेत. २७ जून २०२४ ला जिओने दरवाढ जाहीर केली, लगोलग एअरटेलने आणि व्हीआयने. तिघांचेही नवे दर ३ आणि ४ जुलैला लागू झाले. त्यांनी आपसांत ठरवलं असं मी म्हणत नाही. ठरवायची गरजच उरली नव्हती. हिर्शमनने हेही ओळखलं होतं, की नाराज गिऱ्हाइकं या दुकानातून त्या दुकानात फिरत राहिली, तर कोणत्याच दुकानदाराला सुधारावं लागत नाही. शिट्टी वाजते, पण खेळ थांबत नाही.

इथे एक जुनी गोष्ट सांगतो. ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'च्या पहिल्याच भागात ती सांगितली आहे. मिलेटसचा थेलीस हा ग्रीक परंपरेतला आद्य तत्त्वज्ञ. लोक त्याला गरिबीवरून टोमणे मारत : काय उपयोग तुझ्या ज्ञानाचा? त्याने ग्रहताऱ्यांच्या अभ्यासावरून ताडलं की पुढच्या वर्षी ऑलिव्हचं पीक भरघोस येणार. ऐन हिवाळ्यात त्याने मिलेटस आणि किऑस इथले तेलाचे सगळे घाणे थोडी अनामत देऊन अडवून ठेवले. बोली लावायला दुसरं कोणी नव्हतंच, त्यामुळे स्वस्तात मिळाले. हंगाम आला, सगळ्यांना एकदम घाणे हवे झाले, आणि याने मनाला येईल त्या भाड्याने दिले. आमच्या व्यवसायातल्या पहिल्या माणसाने पहिली मक्तेदारी केली, आणि तीही आकाशाकडे बघून!

थेलीसने कोणाला फसवलं नाही, पण त्याने स्पर्धाही केली नाही. त्याचं तेल चांगलं होतं म्हणून तो जिंकला का? तेल ज्यातून जावंच लागतं ती जागा त्याने आधी ताब्यात घेतली. आजचा घाणा म्हणजे स्पेक्ट्रम, कंपनलहरींचे पट्टे. ते कोणाला, कसे, किती दराने द्यायचे, ही खरी लढाई आहे. गिऱ्हाइकाच्या दारातली लढाई नंतरची.

ही लढाई आपल्याकडे कशी झाली? २ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने टू-जीचे १२२ परवाने रद्द केले. नैसर्गिक संपत्ती जनतेची आहे आणि सरकार तिचं विश्वस्त, ही भूमिका घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरात न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की प्रत्येक संपत्तीसाठी लिलाव हा एकमेव मार्ग नाही. मग २०२३ चा दूरसंचार कायदा आला आणि त्यात उपग्रहसेवेचा स्पेक्ट्रम लिलावाविना, प्रशासकीय पद्धतीने देण्याची तरतूद झाली. तिला तांत्रिक आधार आहे. जमिनीवरच्या टॉवरचा पट्टा एकाला दिला की तिथे दुसऱ्याला चालत नाही. उपग्रहांचे पट्टे मात्र अनेकांना वाटून वापरता येतात.

जिओने लिलावाचा आग्रह धरला. मुद्दा समान संधीचा : आम्ही हजारो कोटी मोजले, तर आमच्याच गिऱ्हाइकाला सेवा देणाऱ्याला ते फुकटात का? ऑक्टोबर २०२४ मध्ये एअरटेलच्या प्रमुखांनीही साधारण हाच सूर लावला, जरी त्यांच्या समूहाची वनवेब या उपग्रह कंपनीत भागीदारी आहे. समोर स्टारलिंक, इलॉन मस्क यांची. त्यांचा लिलावाला विरोध. सरकारने लिलाव नाही म्हणून सांगितलं. पुढे काय? ११ मार्च २०२५ ला एअरटेलने स्टारलिंकची सेवा विकण्याचा करार केला. १२ मार्चला जिओनेही.

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाद, जल्प आणि वितंडा. वादात सत्य शोधायचं असतं, जल्पात जिंकायचं असतं, वितंडेत फक्त समोरच्याचं खोडायचं असतं. लिलावाचा प्रश्न ऑक्टोबरात न्यायाचा असेल, तर मार्चमध्ये करार झाला म्हणून तो सुटला कसा? उत्तर मिळालं असेल तर ते कुठे सांगितलं? तत्त्व पाच महिन्यांत बदलत नाही, सोय बदलते. म्हणून हा वाद नव्हता, जल्प होता. जल्प करणं हा कंपन्यांचा हक्क आहे. माझी तक्रार आपल्याबद्दल आहे, की आपण वर्तमानपत्रं उघडून त्याला देशहिताची चर्चा समजलो.

नंतर ९ मे २०२५ ला ट्रायने शिफारस केली : महसुलाच्या ४ टक्के आकार, पाच वर्षांसाठी, आणि शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा. शहराला थोडं महाग आणि खेड्याला सूट, ही दिशा मला योग्य वाटते.

कारण हे तंत्र मुळात शहराचं नाहीच. जुने दळणवळण उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर, त्यामुळे बोलणं जाऊन यायला वेळ लागायचा. स्टारलिंकचे सुमारे ५५० किलोमीटरवर, म्हणून वेगवान. पण एका भागावरून जाणाऱ्या उपग्रहाची क्षमता ठरलेली. कोपरखैरणेसारख्या दाट वस्तीत ती लगेच संपेल. केंद्रातल्या राज्यमंत्र्यांनीच सांगितलं होतं की देशात स्टारलिंकची २० लाख जोडण्यांपर्यंतच मजल जाईल. शंभर कोटींच्या वर मोबाइल जोडण्या असलेल्या देशात याला बाजारातली स्पर्धा म्हणायचं का? घणसोलीच्या त्या आवारात यामुळे कोणाची झोप उडणार नाही.

मग कोणाच्या उपयोगाचं? ५ नोव्हेंबर २०२५ ला महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली. असं करणारं हे पहिलं राज्य. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम हे जिल्हे त्यात आहेत : शाळा, आरोग्य केंद्रं, सरकारी कार्यालयं जोडण्यासाठी. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात रेंज शोधत टेकडी चढावी लागते. तिथे टॉवर परवडत नाही म्हणून कंपन्या जात नाहीत. म्हणजे ज्या स्पर्धेने आपल्याला दहा रुपयांत जीबी दिला, तिनेच तिथे जायचं नाकारलं.

नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली आठवतं का? २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार तिथे दिलं गेलं. ओळख सर्वांत आधी त्या जिल्ह्यात पोचली, आणि ती ओळख पटवायला लागणारी रेंज त्याच जिल्ह्यातल्या पाड्यांवर आजही डळमळते. रेशनच्या यंत्रावर अंगठा लावून माणूस उभा, आणि वरचं चक्र फिरतंय.

अशा ठिकाणी उपग्रह येत असेल तर येऊ द्या. स्वावलंबनाचं तत्त्वज्ञान सांगून धडगावच्या शाळेला आणखी दहा वर्षं थांबवणं मला नैतिक वाटत नाही. पण तिथे पंच कोण, ते बघा. गिऱ्हाईक आहे सरकार, वापरणारा आदिवासी पाडा. पाड्याला निघून जाता येत नाही, कारण दुसरं दुकानच नाही. हिर्शमनच्या दोन वाटांपैकी पहिली बंद. उरला आवाज. आणि आवाज बाजारात मिळत नाही, तो करारात लिहून घ्यावा लागतो.

ही गोष्ट या गावाला मी शिकवायला नको. १९७० मध्ये सिडको आली, पंचाण्णव गावांच्या जमिनी गेल्या. जमीन आधी गेली आणि वाट्याची भाषा नंतर सुरू झाली. १९८४ च्या जानेवारीत दि. बां.च्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जणांनी जीव दिले, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांचं दार उघडलं. आकाशाच्या बाबतीत आपण अजून सहीच्या अलीकडे आहोत. इरादापत्र म्हणजे करार नव्हे. म्हणून आत्ताच विचारायचं.

काय विचारायचं? सेवा किती वेळ बंद होती याची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, मराठीत लागेल का? २४ जुलै २०२५ ला स्टारलिंक जगभर सुमारे अडीच तास बंद पडलं होतं. त्या दिवशी आरोग्य केंद्राने काय करायचं? तक्रार ऐकणारा माणूस जिल्ह्यात बसेल का? बंद करण्याचा निर्णय कोणाचा? २०२२ मध्ये क्रिमियाजवळ सेवा सुरू करण्याची युक्रेनची विनंती आपण मानली नाही, हे मस्क यांनी स्वतःच पुढच्या वर्षी सांगितलं. एका माणसाच्या हो-नाहीवर युद्ध अडतं, तिथे पाड्याची काय कथा. आणि शेवटचं, सर्वांत महत्त्वाचं : उपग्रह आला म्हणून फायबर आणि टॉवरचं काम थांबणार नाही, याची तारीख कुठे लिहिली आहे? मोबाइल कंपन्यांच्या महसुलातले ५ टक्के पूर्वीच्या सार्वत्रिक सेवा निधीत, आता डिजिटल भारत निधीत जातात. म्हणजे बोनकोड्यातल्या रिचार्जमध्ये भामरागडच्या टॉवरचा वाटा आहे. तो वाटा मागण्याचा हक्क दोन्ही गावांना आहे.

(श्रोत्यांतील एका ताईंचा प्रश्न : सर, मग आम्ही इथे कंपनी बदलण्यात काही अर्थ आहे की नाही?)

आहे, ताई. जरूर बदला. वापरली नाही तर शिट्टी गंजते. फक्त बदललं म्हणजे काम झालं असं समजू नका. दर का वाढला हे विचारणारं पत्र ट्रायला लिहिणं, हेसुद्धा गिऱ्हाइकाचंच काम आहे. ट्राय निर्णय घेण्याआधी सूचना मागवते. त्यात कंपन्यांचे वकील लिहितात, आपण लिहीत नाही.

(आणखी एका श्रोत्याचा प्रश्न : परदेशी कंपनीऐवजी इस्रोनेच हे का करू नये?)

करावं, आणि करेपर्यंत मागत राहावं. पण एक लक्षात ठेवा. १९७५-७६ मध्ये 'साइट' प्रयोगात अमेरिकेचा उपग्रह वर्षभर उसना घेऊन आपण सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन दाखवलं. उपग्रह परका होता, पण काय दाखवायचं, कोणत्या गावात, कोणत्या भाषेत, हे आपण ठरवलं होतं. वर्ष संपलं, उपग्रह परत गेला, शिकलेलं इथे राहिलं. यंत्र कोणाचं, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण अटी कोणाच्या, हा त्याच्या आधीचा. धडगावच्या करारात तो आधी विचारला जावा, इतकंच माझं म्हणणं.